तारेपलीकडचा लांडगा

हातखंब्याच्या तिठ्यावरून रस्ता पालीला जातो, तिथून नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो आणि कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा असा सोलापूरला पोचतो. रत्नागिरी-नागपूर महामार्ग हे त्याचं आजचं नाव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुलखातून निघून हा रस्ता जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटरवर दिवस काढणाऱ्या माळांवर जातो. हातखंब्याच्या आसपासच्या सड्यांवर रात्री कोल्हेकुई ऐकू येते, बिबट्याच्या बातम्या तर नेहमीच्याच. पण लांडगा हा इथला प्राणी नाही. त्याला उघडा माळ लागतो, खुरटं गवत लागतं, लांबवर नजर टाकता येईल अशी जमीन लागते. कोकणातल्या माणसाला आपल्याच राज्यातला लांडगा बघायचा तर घाट चढून पूर्वेला बरंच आत जावं लागतं.

तरीही लांडगा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोलापूरचा माळ येत नाही. येतो तो बर्फ. सूचिपर्णी झाडांची रांग, भुरभुरणारा हिमवर्षाव आणि थेट आपल्याकडे बघणारे पिवळे डोळे. दिनदर्शिकेवर तो असतो, मोबाइलच्या वॉलपेपरवर असतो, सकाळी येणाऱ्या सुविचारांच्या मागेही तोच असतो. चित्र देखणं असतं यात वाद नाही. मात्र असे बरेच फोटो रानात काढलेले नसतात. कुंपणाआड वाढलेल्या, माणसाच्या हातून खाणाऱ्या लांडग्यांचे ते असतात, आणि खाली तसं लिहिलेलं क्वचितच आढळतं. हे फोटो कसे निघतात, त्यात कसब कुठे असतं आणि खोटेपणा कुठे शिरतो, हे समजून घेतलं की फोटो बघण्याची नजर बदलते. आपल्या माळावरच्या लांडग्याकडे बघण्याचीही बदलते, असं मला वाटतं.

रानातला लांडगा बर्फात टिपणं इतकं अवघड का, हे आधी पाहू. उत्तरेकडच्या थंड देशांत लांडग्यांच्या एका कळपाचा वावर शेकडो चौरस किलोमीटरवर असतो. माणसाचा वास आला की तो वाट बदलतो, आणि शतकानुशतकं बंदुका, सापळे आणि विष सोसलेल्या प्राण्याने तसं करणं शहाणपणाचंच आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून लांडगा पार संपवला गेला होता. १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडले. आज तिथल्या लमार खोऱ्यात हमखास लांडगे दिसतात असं सांगतात, पण तिथले लोक रस्त्याच्या कडेला दुर्बिणी लावून उभे असतात आणि समोरच्या उतारावर दिसतात ते काळे-करडे ठिपके. डोळ्यातली चमक आणि मिशांवरचं दव दाखवणारा फोटो त्या अंतरावरून मिळत नाही. म्हणून छायाचित्रकार कुंपणाकडे वळतात.

कुंपणंही सगळी सारखी नसतात. काही प्राणिसंग्रहालयांची असतात. काही ठिकाणी जंगलाचाच एक मोठा तुकडा कुंपणात घेतलेला असतो. जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात आणि नॉर्वेतल्या पोलर पार्कमध्ये असे लांडगे आहेत. तिसरा प्रकार भाड्याच्या प्राण्यांचा. अमेरिकेत मोंटाना, मिनेसोटा अशा राज्यांत खासगी मालक लांडगे, कूगर, लिंक्स पाळतात आणि छायाचित्रकारांना तासांच्या हिशेबाने ‘मॉडेल’ म्हणून देतात. पैसे भरले की प्रशिक्षक लांडग्याला बर्फाच्या उतारावर आणतो, तो ठरलेल्या ओंडक्यावरून उडी मारतो, खाऊ मिळाला की परत जातो आणि पुन्हा उडी मारतो. सगळ्यांचे कॅमेरे भरेपर्यंत हे चालतं.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण बर्फ हा मोठा फसवा मामला आहे. कॅमेऱ्यातल्या मीटरला बर्फ ओळखता येत नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असतं असं धरून तो उजेडाचा हिशेब करतो. चौकटीत सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फारच आहे, आणि तो फोटो काळवंडवतो. बर्फ राखाडी पडतो, लांडग्याच्या तोंडावरचा तपशील काळोखात जातो. यावर उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक ते दोन स्टॉप वर नेणं. हल्लीचे कॅमेरे बरेच हुशार झाले आहेत, तरी ढगाळ दिवशी आणि चौकट बहुतेक बर्फानेच भरलेली असताना हातानेच दुरुस्ती करावी लागते. हिस्टोग्राम उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीला थडकलेला नको. थडकला की बर्फाचा पोत, त्यावरचे ठसे, वाऱ्याने काढलेल्या रेघा असं सगळं जातं आणि उरतो कोरा कागद. हे शिकायला हिमालयात जायची गरज नाही. चुना मारलेल्या भिंतीसमोर तपकिरी कुत्रा बसवून घरीच सराव करता येतो.

रंगाचीही एक गंमत आहे. निरभ्र दिवशी बर्फावरच्या सावल्या निळ्या दिसतात, कारण तिथे सूर्याचा थेट उजेड पोचत नाही, फक्त आकाशाचा पोचतो. कॅमेरा हा निळेपणा कधी कमी करतो, कधी वाढवतो. रॉ फाइल घेतली असेल तर नंतर नीट करता येतं. सगळा निळा पुसून टाकावा असं मात्र मला वाटत नाही. सावली निळी असली तरच थंडी जाणवते.

बर्फ एक उपकारही करतो, आणि बर्फातले लांडगे एवढे देखणे का दिसतात याचं अर्धं उत्तर त्यात आहे. आपल्याकडच्या माळावर उन्हाच्या वेळी प्राण्याच्या कपाळाखाली, हनुवटीखाली, पोटाखाली गडद सावली पडते आणि डोळे हरवतात. बर्फ खालून उजेड परत फेकतो. हनुवटीखालचे पांढरे केस, गालांवरची झुपकेदार आयाळ, डोळ्याभोवतीची काळी कड, सगळं उजळून निघतं. स्टुडिओत छायाचित्रकार पांढरे परावर्तक लावून जे साधतो, ते इथे जमिनीनेच केलेलं असतं.

पडणाऱ्या बर्फात फोटो काढायचा तर शटर स्पीडचा निर्णय आधी करावा लागतो. सेकंदाचा एक पाचशेवा भाग किंवा त्याहून वेगवान ठेवला तर हिमकण ठिपक्यांसारखे गोठतात. साठाव्या भागावर आणला तर त्यांच्या रेघा होतात आणि स्थिर उभा असलेला लांडगा त्या रेघांमागे अधिकच स्थिर वाटतो. पळणाऱ्या लांडग्यासाठी एक हजारावा भाग कमीत कमी. जवळच्या हिमकणांवर ऑटोफोकस हटकून अडकतो, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर धरायचा. थंडीत लिथियम-आयन बॅटरीची ताकद झपाट्याने कमी होते. सुटी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेजवळ ठेवतात आणि आलटून पालटून वापरतात.

एका बाबतीत कोकणातला छायाचित्रकार तयारच असतो. ऐन पावसाळ्यात एसी लावलेल्या गाडीतून हातखंब्याला उतरून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर क्षणात वाफ धरते. बर्फाळ प्रदेशात हेच उलट्या जागी घडतं. बाहेर उणे पंधरा अंशात गारठलेला कॅमेरा गरम खोलीत आणला की खोलीतल्या हवेतली वाफ त्याच्यावर, आणि वाईट म्हणजे त्याच्या आतही, पाणी होऊन बसते. म्हणून खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून तोंड घट्ट लावायचं आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. पाणी धरायचंच असेल तर ते पिशवीवर धरतं. लेन्सला बुरशी लागण्याच्या धास्तीत पावसाळा काढणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जाळीतून फोटो काढण्याचं कसब वेगळं. लेन्स जाळीला शक्य तितकी जवळ, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, टेलिफोटोचा लांब टप्पा आणि प्राणी जाळीपासून दूर, हे चारही जुळलं की तारा इतक्या धूसर होतात की दिसेनाशा होतात. फक्त जाळीच्या ज्या भागातून बघतो तो सावलीत हवा. उन्हातली तार चमकते आणि सगळ्या फोटोवर दुधी पडदा चढतो. हे तंत्र वाईट नाही. दुधी पडदा कोणालाच नको असतो. प्रश्न येतो तो पुढे, जाळी फोटोतून गेल्यावर ती मथळ्यातूनही जाते तेव्हा.

तंत्र एवढं सांगितलं, पण या फोटोंत मला सर्वात मोलाचं वाटतं ते लांडग्याचं शरीर इतक्या जवळून बघायला मिळणं. थंड प्रदेशातल्या लांडग्याची हिवाळी लोकर दुहेरी असते. आत दाट मऊ लव, बाहेर लांब राठ केस. प्रत्येक राठ केसावर फिकट आणि गडद पट्टे असतात आणि टोक बहुधा काळं. त्यामुळेच तो दुरून करडा आणि जवळून अनेकरंगी दिसतो. ही लोकर अंगातली ऊब इतकी आत राखते की पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही. झोपलेल्या लांडग्याच्या पाठीवर पांढरा थर साचतो, त्यातला एकेक हिमकण अखंड दिसतो, आणि नाक मात्र शेपटीच्या झुपक्यात खुपसलेलं असतं. श्वासाची वाफ मिशांवर आणि गालांच्या केसांवर गोठून पांढरी होते. सूर्य लांडग्याच्या मागे आणि त्याच्यामागची झाडी काळोखी असेल तर हुंकारताना तोंडातून निघालेली वाफही फोटोत धरता येते.

पावलांचं तर नवलच. उघड्या गाद्यांनी तो तासन्‌तास बर्फावर उभा राहतो आणि पाय गोठत नाहीत. पायात उतरणारं गरम रक्त आणि वर परतणारं गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून जातं. उतरणारं आपली ऊब परतणाऱ्याला देऊन टाकतं. पावलाचं तापमान गोठणबिंदूच्या जरासं वर राखलं जातं, त्याहून जास्त नाही, म्हणजे ऊब वायाही जात नाही आणि कातडीही शाबूत राहते.

वसंतात आतली लव चिंध्यांसारखी लोंबायला लागते आणि उन्हाळ्यात तोच लांडगा किडकिडीत, लांब पायांचा, मोठ्या कानांचा दिसू लागतो. भाड्याचे लांडगे डिसेंबर ते फेब्रुवारीत जास्त मागवले जातात ते यामुळे. भारतीय लांडगा मात्र बाराही महिने साधारण त्या उन्हाळी रूपातच असतो. वजन वीस किलोच्या आसपास, उत्तरेकडच्या भावंडाच्या जेमतेम निम्मं. त्याला पाहून अनेकांना तो उपाशी किंवा आजारी वाटतो, कारण तुलना होते ती दिनदर्शिकेवरच्या लोकरीच्या ढिगाशी.

कुंपणातला बर्फ एक गोष्ट मात्र लपवू देत नाही. रात्री ताजा बर्फ पडला आणि सकाळी आवारात गेलं, तर कुंपणाला लागून एक तुडवलेली पट्टी दिसते. लांडगा एकाच वाटेने, त्याच कोपऱ्यापर्यंत, तसाच वळून, पुन्हा पुन्हा चाललेला असतो. बंदिस्त मांसाहारी प्राण्यांमध्ये ही येरझार सर्वत्र आढळते. जागा अपुरी, करायला काही नाही, लपायला आडोसा नाही, अशा वेळी ती वाढते. रानातल्या कळपाची बर्फावरची वाट वेगळी असते. ते एकामागोमाग एक, पुढच्याच्या ठशात पाऊल टाकत जातात, आणि माग सरळ दूरवर निघून जातो. आवारातली तुडवलेली पट्टी चौकटीत घेणारे छायाचित्रकार कमी, कारण ती विकली जात नाही. पण बंदिस्त लांडग्याचा सर्वात खरा फोटो तोच असेल.

आता त्या फसवणुकीकडे येतो, जिच्यामुळे हा सारा विषय जगभर ऐरणीवर आला. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि त्या काळी बीबीसी वाइल्डलाइफ मासिक यांची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही वन्यजीव छायाचित्रणातली सर्वात मानाची स्पर्धा. २००९ साली तिचं पहिलं पारितोषिक स्पेनच्या होसे लुइस रोद्रीगेस यांना मिळालं. चित्रात रात्रीच्या अंधारात एक इबेरियन लांडगा गोठ्याच्या लाकडी फाटकावरून झेप घेताना दिसतो. कथेतला लांडगा जसा असावा तस्साच. पुढे स्पेनमधल्याच छायाचित्रकारांना शंका आली. एवढ्या चपळ प्राण्याला फळ्यांच्या मधून सहज जाता येत असताना तो वरून उडी का मारेल? आणि हा लांडगा माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानातला, माणसाळलेला, ओसियान नावाचा तर नव्हे? परीक्षकांनी तज्ज्ञांकडून तुलना करून घेतली, आणि तो बहुधा भाड्याचा प्राणी असल्याच्या निष्कर्षाला येऊन जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक रद्द केलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. स्पर्धेच्या नियमांत अशा प्राण्यांना बंदीच होती.

बर्फ आणि बंदिस्त प्राणी यांची जोडी याआधीही जगाला फसवून गेली आहे. डिस्नेच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी सामूहिक आत्महत्या करताना दाखवले होते. हे प्राणी विकत आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून ढकललं होतं, हे कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने १९८२ मध्ये उघड केलं. तरीही लेमिंग आत्महत्या करतात हा समज आजही जिवंत आहे. चित्राने सांगितलेलं खोटं शब्दांच्या खोट्याहून जास्त टिकतं.

बंदिस्त लांडग्यांनी शास्त्रज्ञांनाही चकवलं आहे. स्विस अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ साली निबंध लिहिला. लहानशा आवारात एकत्र कोंडलेले ते प्राणी वर्चस्वासाठी सतत झगडत होते. त्यातून ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना रुजली. अमेरिकेचे डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती वापरली आणि ती जगभर गेली. पुढे मीच यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या एल्समीर बेटावर अनेक उन्हाळे रानटी लांडग्यांजवळ काढले. छायाचित्रकार जिम ब्रँडनबर्गही तिथे त्यांच्यासोबत होते. मीच यांना दिसलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. गादीसाठी लढाया नाहीत. १९९९ साली त्यांनी हे निबंधात मांडलं, आणि आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते वर्षानुवर्षं प्रकाशकाच्या मागे लागले; २०२२ मध्ये ते थांबलं. तोवर ‘अल्फा’ हा शब्द व्यवस्थापनाच्या शिबिरांपासून व्यायामशाळांच्या जाहिरातींपर्यंत पोचला होता. दात विचकणाऱ्या लांडग्यांच्या भाड्याच्या फोटोंनी त्या समजाला खतपाणीच घातलं.

भारतात भाड्याचा लांडगा मिळत नाही, आणि ही चांगली गोष्ट आहे. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला खासगीत पाळून धंदा करता येत नाही. बंदिस्त लांडगा बघायचा तर मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात. महाराष्ट्रात पुण्याच्या कात्रजमधल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात भारतीय लांडगे आहेत, पण बर्फ कुठून येणार? बर्फ आणि लांडगा दोन्ही हवे असतील तर दार्जिलिंग किंवा नैनितालला जावं लागतं. दार्जिलिंगचं प्राणिसंग्रहालय १९५८ साली सुरू झालं, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे, आणि सरोजिनी नायडूंच्या कन्या व पश्चिम बंगालच्या माजी राज्यपाल पद्मजा नायडू यांचं नाव त्याला आहे. हिमबिबटे आणि लाल पांडांच्या प्रजननासाठी ते प्रसिद्ध आहे, आणि तिबेटी लांडगेही तिथे आहेत. बर्फ मात्र तिथे दर हिवाळ्यात पडेलच असं नाही. प्राणिसंग्रहालयात प्राण्याला चिडवणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं हा याच कायद्याच्या कलम ३८-जे खाली गुन्हा आहे. लांडग्याने इकडे बघावं म्हणून शिट्टी मारणाऱ्या किंवा जाळी वाजवणाऱ्या छायाचित्रकाराला हे कलम कोणीतरी वाचून दाखवायला हवं. पिंजऱ्यातल्या प्राण्याला निदान पाठ फिरवून बसण्याची मोकळीक असावी.

हा तिबेटी किंवा हिमालयीन लांडगा जगातल्या लांडग्यांच्या अतिशय जुन्या शाखांपैकी एक. विरळ हवेत जगण्यासाठी लागणारे बदल त्याच्या जनुकांत सापडले आहेत. रानात तो लडाख आणि स्पितीत दिसतो. हिमबिबट्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये किब्बरला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या छायाचित्रकारांना कधीकधी तोही भेटतो: पिवळसर-करडा, दाट लोकरीचा, बर्फातून तिरका निघून जाणारा. तिथल्या पशुपालकांचं आणि त्याचं वैर जुनं आहे. लडाखमध्ये त्याला पकडायला दगडी खड्डे बांधत. भिंती आत झुकलेल्या, आत आमिष म्हणून जितं जनावर, एकदा उडी मारून आत गेलेल्या लांडग्याला वर येता येत नसे. अलीकडे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांशी बोलून काही खड्डे निकामी केले. २०१८ मध्ये चुशुल भागात अशा खड्ड्यांच्या जागी गावकऱ्यांनी स्तूप उभारला. रानटी लांडग्याचा बर्फातला एक धूसर फोटो मला भाड्याच्या शंभर लख्ख फोटोंहून मोठा वाटतो, कारण त्यामागे या माणसांनी सोसलेलं आणि सोडून दिलेलं सगळं आहे.

मग बंदिस्त लांडग्याचा फोटो काढूच नये का? जरूर काढावा. लोकर, पाऊल, डोळा, कानांची ठेवण यांचा इतका बारकाईने अभ्यास दुसरीकडे कुठे करता येणार? शाळेच्या पुस्तकाला, चित्रकाराला, प्राणी ओळखायला शिकणाऱ्याला असे फोटो लागतात, आणि ते प्राणिसंग्रहालयात काढले तर रानातल्या गुहेवर एक कॅमेरा कमी जातो. अट एकच: तो बंदिस्त आहे हे खाली लिहा. छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी, म्हणजे सलॉनसाठी, पीएसए, एफआयएपी आणि आरपीएस या संस्थांनी मिळून ठरवलेली वन्यजीव छायाचित्राची व्याख्या आपल्या कॅमेरा क्लबांतही पाळली जाते. ‘वाइल्डलाइफ’ विभागात प्राणिसंग्रहालयातला किंवा गेम फार्मवरचा प्राणी चालत नाही. स्पर्धेबाहेर, फेसबुकवर आणि दिनदर्शिकेवर, असा नियम नाही. तिथे आपल्यालाच बघायला शिकावं लागतं. लांडगा गुबगुबीत आहे, अंगावर एक जखम नाही, कान फाटलेला नाही, लेन्स त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणि चार हातांवर आहे, तरी तो निवांत आहे. तोच ओंडका दुसऱ्या छायाचित्रकाराच्या फोटोतही आहे. यातली एखादी खूण पुरावा होत नाही. सगळ्या एकत्र आल्या की विचारावं, कुठे काढला?

हा आग्रह मी धरतो तो सोलापूर आणि पुण्याच्या माळांसाठी. लांडगा म्हणजे बर्फ आणि घनदाट अरण्य असं मनात बसलं की खुरट्या गवताचा माळ लांडग्याचं घर वाटतच नाही. सरकारी दप्तरात अशा गवताळ जमिनी कित्येक दशकं पडीक म्हणून मोडत आल्या, आणि पडीक म्हटलं की तिथे कारखाना, सौर प्रकल्प, झाडं लावण्याचा कार्यक्रम, काहीही आणता येतं. गवताळ माळावर खड्डे काढून झाडं लावली की लांडग्याची जागा गेली, हे पर्यावरणप्रेमींनाही पटवून द्यावं लागतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी; लांडगा दोन्हीकडच्या माळांवर वावरतो, पण त्याचा बहुतेक मुलूख अभयारण्यांच्या हद्दीबाहेर, शेतांच्या आणि धनगरांच्या वाड्यांच्या मध्ये आहे. देशभरात भारतीय लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. वाघांच्या संख्येहून ती कमी भरते, आणि वाघाला मिळतो त्याच्या शतांशही पैसा लांडग्याच्या वाट्याला येत नाही.

संकटंही माळावरचीच आहेत. मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर कॅनाइन डिस्टेंपरसारखे रोग आले. पुण्याजवळ काही लांडगे पिंगट-पिवळसर, वेगळ्याच रंगाचे दिसू लागले तेव्हा द ग्रासलँड्स ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना शंका आली; बंगळुरूच्या एट्री आणि एनसीबीएस या संस्थांनी नमुन्यांची जनुकीय तपासणी केली आणि कुत्रा-लांडगा संकर झाल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून सिद्ध झालं. हा शोध सुरू झाला तो माळावर नेमाने जाऊन बघणाऱ्यांच्या डोळ्यांमुळे आणि फोटोंमुळे. कॅमेऱ्याचा इतका चांगला उपयोग मला दुसरा सुचत नाही.

याच कॅमेऱ्याने त्रासही दिला आहे. आपल्याकडे लांडगीण हिवाळ्यात पिल्लं घालते, आणि नेमक्या त्याच दिवसांत शनिवार-रविवारी सासवड, बारामती, इंदापूरच्या माळांवर गाड्या फिरू लागतात. गुहेचं ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपवर एकाकडून दुसऱ्याकडे जातं. गाड्या गवतात घुसतात, लांडगीण पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि उघड्यावर हलवलेली पिल्लं कुत्र्यांच्या तोंडी पडण्याचा धोका वाढतो. अशा फोटोत तार नसते, तरी तो प्राणी मोकळा आहे असं म्हणवत नाही. त्याला गाड्यांनी घेरलेलं असतं.

पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. आधी नोंदणी करायची, शुल्क भरायचं, स्थानिक गाइडला गाडीत घ्यायचं आणि आखून दिलेल्या वाटेवरूनच जायचं. लांडगा दिसेलच याची हमी नाही. चिंकारा, खोकड, तरस, धाविक हेही त्याच माळाचे रहिवासी आहेत. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली पहाट चांगली. गवत तेव्हा वाळून लांडग्याच्याच रंगाचं झालेलं असतं, त्यामुळे मीटर फसत नाही, पण डोळा फसतो; कळप शंभर पावलांवर बसलेला असूनही दिसत नाही आणि मग एकाचा कान हलतो. चारशे किंवा सहाशे मिलिमीटरची लेन्स, गाडीच्या खिडकीवर वाळूची पिशवी, इंजिन बंद. आणि फोटो टाकताना खाली तालुका लिहिला तरी पुरे. माळाचं नाव, ओढ्याची खूण, मोबाइलने आपोआप जोडलेलं ठिकाण, एवढं काढून टाकायचं.